नखावरचा फोटो

20 नोव्हेंबर 2024, विधानसभेचं मतदान. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचे सतरा फोटो आहेत आणि त्यात मत देतानाचा एकही नाही.

पहिला फोटो सकाळी 6:40 चा. दाराशी आईच्या चपला, मागे तिच्या नारायणपेठेचा काठ. ही साडी एरवी लग्नकार्यालाच कपाटाबाहेर येते. 85 च्या पुढच्यांचं मत घरी येऊन घेतात, हे तिला शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. आई 81 ची. "चार वर्षं कमी पडली बघ," असं म्हणाली खरी, पण सुटल्यासारखी दिसत होती. घरी बसून मत दिलं तर साडी कुणाला दाखवणार?

पुढचे पाच-सहा फोटो रस्त्यातले. पुण्यात नोव्हेंबरच्या सकाळी जेमतेम स्वेटर लागतो, तेवढी थंडी. छत्रीखाली टेबल टाकून बसलेले कार्यकर्ते, एका टेबलावर चहाचे कागदी कप, शेजारच्यावर नुसतीच मतदार यादी. परवापर्यंत भोंग्यावरून एकमेकांना धुऊन काढणारे दोन पक्षांचे तरुण एकाच पुड्यातले पोहे खात होते. तो फोटो मला फार आवडतो, पण त्यांना न विचारता काढलाय, म्हणून कुणाला दाखवत नाही.

त्यानंतर शाळेजवळची फक्कीची रेघ. फोनचं राज्य इथे संपतं. मोबाईल आत नेता येत नाही आणि ठेवायची सोय कुठेच नव्हती. एक गृहस्थ पानवाल्याला गळ घालत होते, पानवाल्याकडे आधीच अकरा फोन जमले होते. आम्ही पाळी लावली. आई आणि मी आधी जायचं, बायकोने दोन्ही फोन धरून बाहेर थांबायचं, मग उलट. त्यामुळे एक फोटो असा आहे जो माझ्या फोनमध्ये असून मी काढलेला नाही: आईचा हात धरून फाटकातून आत जाणारी माझी पाठ. मागून मला एवढं टक्कल दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आतलं सगळं डोळ्यांनीच टिपावं लागलं. वर्गातल्या फळ्यावर आदल्या तासाचे पाढे अर्धवट पुसलेले. पहिल्या अधिकाऱ्याने आईचं नाव खणखणीत वाचलं, तशी ती शाळेतल्यासारखी "हो" म्हणाली. पुढच्या टेबलावर वाळू भरलेल्या वाटीत शाईची बाटली उभी केलेली, कलंडू नये म्हणून. त्या बाईंनी आईचा डावा हात हातात घेतला, काडीने तर्जनीच्या नखावरून कातडीपर्यंत रेघ ओढली आणि "आजी, लगेच पुसू नका हं," म्हणाल्या. मग पुठ्ठ्याचा आडोसा, बटण, काचेआड सात सेकंद दिसून खाली पडणारी चिठ्ठी आणि लांबलचक बीप.

बाहेर आल्यावर बोटांचे फोटो. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर तीसेक बोटं जमली. चेहऱ्याशिवाय सगळी सारखीच. आई चष्मा लावून म्हणाली, "ही कुणाकुणाची आहेत?" तर्जनी म्हणजे मुळात दटावायचं बोट. एवढ्या लोकांनी एकदम ते उगारलेलं बघून उमेदवारांना काय वाटत असेल कोण जाणे.

संध्याकाळी दोन फोटो शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. सकाळच्या फोटोतली खूण जांभळट होती, संध्याकाळची काळीकुट्ट. बीएस्सीला असताना सिल्व्हर नायट्रेट हातावर सांडायचं. तेव्हा काहीच दिसत नसे, पण कॉलेजातून उन्हात घरी जाईपर्यंत बोटं काळी पडायची. म्हणून तर ते तपकिरी बाटलीत ठेवतात. 1962 पासून म्हैसूरच्या कारखान्यातून येणाऱ्या या शाईतही तेच असतं. कातडीवरच्या मिठाशी त्याची गाठ पडते आणि उजेड लागला की ते काळवंडतं. रोलचे फोटो काढायचो तेव्हा फिल्मवरचे उजेड लागलेले चांदीचे क्षार रोल धुताना काळे पडायचे, तशीच ही करणी. म्हणजे ज्या खोलीत फोटोला बंदी, तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या नखावर सरकारी खर्चाने एक निगेटिव्ह लावून देतात. धुवायचं काम उन्हाचं.

मग मला नादच लागला. दर रविवारी बोटाचा फोटो. कातडीवरची शाई दोन-तीन आठवड्यांत गेली, नखावरची मात्र हलत नाही, नखाबरोबर पुढे सरकते. मे महिन्यातल्या लोकसभेची खूण अशीच टोकाला जाऊन कधी कापली गेली, ते कळलंही नव्हतं. या वेळी मुळाशी पांढरी कोर दिसली, मग वाढली. निकाल लागला, शपथविधी झाला, बातम्या शिळ्या झाल्या, खूण आपली महिन्याला तीनेक मिलिमीटरने चालली होती. आईचं नख माझ्याहून हळू वाढतं. फेब्रुवारीतल्या फोटोत तिची रेघ अजून नखाच्या मध्यावर आहे.

माझी शेवटची काळी किनार मी एका संध्याकाळी कापायला बसलो. "शनिवारी नखं कापतोस?" आई आतून ओरडली. तोवर ती कोर वर्तमानपत्रावर पडली होती. फोटो काढावा म्हणून फोन आणायला उठलो, परत येऊन पाहतो तर पंख्याच्या वाऱ्याने ती कुठेतरी उडालेली. बराच वेळ सोफ्याखाली हात घालून शोधली.