जाताना नऊ तास, येताना अकरा

टोकियो ते सॅन फ्रान्सिस्को हे सरळ अंतर साधारण ८,२७० किलोमीटर. जानेवारीत जाताना मला नऊ तास लागले आणि पंधरा दिवसांनी परतताना अकराच्या वर. (तारखेची गंमत वेगळीच: बुधवारी संध्याकाळी पाचला निघाले आणि बुधवारीच सकाळी नऊला उतरले.) अकरा वर्षांच्या भाच्याला हे सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, "मावशी, पृथ्वी फिरते ना, म्हणून!"

मला त्याचं फार कौतुक वाटलं, कारण मीही कितीतरी वर्षं हेच धरून चालले होते. पण पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे. नुसत्या तिच्या फिरण्यावर असतं, तर पूर्वेला जाताना सॅन फ्रान्सिस्को पुढे पुढे पळालं असतं आणि जायलाच जास्त वेळ लागला असता. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे.

जाताना समोरच्या स्क्रीनवर वेग दिसत होता, ताशी १,०९० किलोमीटर. विमान हवेतून जेमतेम ९०० नेच चाललं होतं, वरचा वेग पाठीमागच्या वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर वाहणारा हा जेट प्रवाह हिवाळ्यात जपानजवळ ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून सोडून तो मोजला होता. त्याने अहवाल लिहिला एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, जगाला कळावा म्हणून. आणि जपानबाहेर त्याकडे फारसं कुणाचं लक्षच गेलं नाही. हे वाचल्यापासून मला त्या माणसाबद्दल हळहळ वाटते.

भाच्याला पृथ्वीचा गोल दिला आणि दोरा. एक टोक टोकियोवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून त्याने दोरा ताणला, तर तो आपोआप वर सरकला, पार ४८ अंश उत्तरेपर्यंत. दोन्ही शहरं ३५ ते ३८ अंशांच्या पट्ट्यात, तरी वाट वरून! नकाशावर आडवी रेघ ओढून तशीच गेलं तर साडेचारशे किलोमीटर जास्त पडतात. पण विमानं रोज या दोऱ्यावरूनच जातात असंही नाही. पूर्वेला जाताना वारा गाठायला थोडं दक्षिणेकडून, परतताना तो चुकवायला आणखी उत्तरेकडून. अंतर वाढलं तरी वेळ वाचतो.

मग त्याने विचारलं, "जाताना वाचलेला वेळ येताना खर्च झाला, म्हणजे फिटंफाट ना?"

नाही. मीही आधी तसंच समजत होते. वारा नसेल तर ९०० च्या वेगाने जाऊन-येऊन १८ तास २३ मिनिटं. १०० चा वारा असेल तर जाताना वेग १,०००, येताना ८००, आणि बेरीज होते १८ तास ३६ मिनिटं. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, सुलट्या वाऱ्याचा फायदा मात्र थोडाच वेळ मिळतो. त्यामुळे फिटंफाट कधीच होत नाही.

भाच्याचा विश्वास बसेना. त्याने वारा १५० धरून स्वतः भागाकार केला, दोनदा तपासला आणि कागद माझ्यापुढे सरकवला: अर्धा तास जास्त.