आमची वाटचाल : दुरुस्तीकडून देखभालीकडे

आमची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. बंद पडलेला मिक्सर, फ्रीज, मायक्रोवेव्ह घ्यायचा आणि चालू करून द्यायचा. पण यंत्र उघडलं की पुष्कळदा दिसायचं ते असं, की भाग आपणहून खराब झालेला नाही. तेलाचा चिकटा, क्षार नाहीतर ओल त्याच्या मुळावर उठली आहे. म्हणून हळूहळू आमच्या पिशवीत पान्यांच्या जोडीला ब्रश, फडकी आणि लिंबूसत्त्व आलं. आज ठरावीक काळाने येऊन यंत्रं साफ करणं, तपासणं हेच आमचं मुख्य काम आहे.

हे वळण घ्यायला लावलं ते मिक्सरने. ‘मोटर गेली’ अशी तक्रार आली तरी आधी जार पाहायचा, हा आमचा पहिला नियम. जार उलटा धरून खालचा कपलर (मोटरला जोडणारी दातेरी चकती) बोटांनी फिरवून बघा. तो सहज फिरला पाहिजे. अडकत असेल तर दोष बुशमध्ये, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या छोट्या नळीत आहे. जार तासन् तास पाण्यात बुडवून ठेवला की पाणी बुशमध्ये शिरतं, वंगण निघून जातं, दांडा गंजतो. जड झालेला दांडा फिरवायला मोटर जास्त करंट ओढते आणि तळाचं लाल बटण उडून मिक्सर बंद पडतो. ते पुन्हापुन्हा दाबून मिक्सर रेटला, तर कपलरचे दात तुटतात आणि शेवटी मोटरमधलं तारेचं वाइंडिंग जळतं. बुश बदलणं थोडक्यात होणारं काम. वाइंडिंगचं तसं नाही. म्हणून जार वापरून झाल्याबरोबर अर्धा पाण्याने भरायचा, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून 15 ते 20 सेकंद फिरवायचा, विसळायचा आणि पुसून पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. बटण उडालंच, तर प्लग काढून अर्धा तास थांबा आणि जारमधला माल कमी करा.

चिमणीच्या बाबतीत आम्ही आधी जाळीचा धातू विचारतो. स्टीलचे बॅफल (वळवलेल्या पट्ट्यांचे) फिल्टर असतील, तर 10 लिटर कडकडीत पाण्यात साधारण 100 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून अर्धा तास बुडवून ठेवायचे, मग नायलॉनच्या ब्रशने घासायचे. हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियमच्या जाळीला मात्र हा सोडा लावू नये. ती काळी पडते, खरवडली जाते. कॉस्टिक सोडा तर त्याहून वाईट. तिला गरम पाणी आणि भांड्यांचा साबणच पुरे, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. साठलेल्या तेलाने हवा ओढण्याची ताकद घटते, आणि शेगडीवर भडका उडालाच तर ते तेलही पेट घेतं. त्यामुळे तेलाची वाटी रिकामी करणं विसरू नका.

किटलीतला पांढरा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. एक लिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून अर्धा तास ठेवलं की तो सुटतो. हे पाणी उकळू नये. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे उकळल्यावर नवाच थर बसू शकतो. नंतर दोनदा विसळून, साधं पाणी एकदा उकळून ओतून द्यावं. थर खरवडायला सुरी किंवा तारेची घासणी आम्ही वापरत नाही, ग्राहकालाही वापरू देत नाही.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस आणण्याची पद्धत आम्ही पूर्ण सोडून दिली. फेस दिसतो खूप, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ पाणीच. दोन्ही हवेत तर वेगवेगळे वापरा. ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो.

फ्रीजचा दरवाजा कागदाची पट्टी घालून तपासतो: दार बंद केल्यावर पट्टी अलगद निघून आली, तर तिथे गॅस्केट, म्हणजे दाराची रबरी कड, नीट बसत नाही. बहुधा घडीत चिकट घाण असते. कोमट साबणपाणी आणि जुना टूथब्रश यांनी ती निघते. भाजीच्या खणाखाली पाणी साठत असेल, तर मागच्या भिंतीतलं निचऱ्याचं छिद्र तुंबलेलं असतं. सिरिंजने कोमट पाणी सोडून ते मोकळं होतं. उष्णता बाहेर टाकणारी कॉइल (वळवलेली नळी) मागे बाहेरून दिसत असेल, तर सहा महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडावी, नाहीतर उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. बर्फ सुरीने फोडू नये. नळीला भोक पडलं की गॅस गेलाच.

मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या दिसल्या, तर आतल्या बाजूचा अभ्रकाचा पत्रा पाहा. त्यावर अन्न उडून जळलं की तिथेच ठिणगी पडते. पत्रा पुसावा, काळा पडला असेल तर बदलावा. आतून साफ करायला वाटीभर पाण्यात लिंबाची फोड आणि लाकडी चमचा घालून तीन मिनिटं चालवा, पाच मिनिटं दार बंद ठेवा, मग पुसून घ्या. चमचा नसेल तर पाणी न उकळताच जास्त तापून एकदम उसळू शकतं. बाहेरचं आवरण मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) विजेचा धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

शेगडीचं थोडक्यात: ज्योत पिवळी दिसली की बर्नरची छिद्रं आणि हवेची वाट साफ करा. जेटमध्ये (गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडात) जाड सुई खुपसू नका, छिद्र मोठं होतं.

आमचा माणूस येणार असेल त्या दिवशी चिमणी आणि शेगडी किमान तासभर आधी बंद ठेवा. फ्रीज रिकामा करायची गरज नाही. तळाचा खण तेवढा बाहेर काढून ठेवा. मिक्सरचे सगळे जार समोर हवेत, रोज न वापरले जाणारेसुद्धा, कारण बुश बहुधा त्यांचेच अडकलेले सापडतात.