हेलिओस ४४-२: रिंग सुटली, जाळी मात्र हलेना

माझ्या हेलिओस ४४-२ या जुन्या सोव्हिएत कॅमेरा लेन्समध्ये फंगसची (बुरशीची) जाळी धरली आहे, आणि ती साफ करायला आड येणारी रिंग अखेर फिरली! डायफ्रामच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या पात्यांच्या) मागच्या जोडभिंगाला (एकमेकांना चिकटवलेल्या दोन भिंगांना) धरून ठेवणारी, स्पॅनरला (खाचेत टोकं अडकवून रिंग फिरवणाऱ्या हत्याराला) अजिबात दाद न देणारी, जिच्यावर मागची अख्खी नोंद खर्ची पडली तीच. शुद्ध अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे) सुईच्या टोकाने आट्यांत थेंब थेंब सोडलं, जुनं लॅकर मऊ होऊ दिलं आणि मग रिंग अलगद निघाली. भिंगाच्या कडेचा काळा रंग अ‍ॅसिटोनने विरघळतो आणि जोडाच्या चिकट थरालाही ते घातक, म्हणून सगळा वेळ लेन्स तिरकी धरली होती. स्पॅनरबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: पातळ पत्र्याचा स्वस्त स्पॅनर घेऊ नका. टोक वाकलं की ते खाचेतून सुटतं आणि थेट काचेवर ओरखडा ओढतं. बाकी हत्यारांत काटकसर करा, यात नको.

सफाई नेहमीच्या क्रमाने केली. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, द्रव सगळ्यात शेवटी, आणि तोही टिश्यूवर घेऊन. फंगससाठी ३% हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समान भाग. औषधाच्या दुकानातली बाटली बहुधा ६% ची असते, तेव्हा तितकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला आणि उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवू नका. वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. शेवटचा हात ९९% आयसोप्रोपिलचा. सॅनिटायझर काचेजवळही आणू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा ओघळ पुसता पुसत नाही. डायफ्रामकडचा पृष्ठभाग खोलगट असल्याने टिश्यू काडीला गुंडाळून मधून कडेकडे फिरवावा लागला. पात्यांवरून उडालेल्या तेलाचा धुरकट थर पहिल्याच हाताला गेला. जांभळट कोटिंग इतकं लखलखीत दिसलं की तो क्षण नुसता बघत बसले होते.

आणि मग टॉर्च लावला. जाळी जागच्या जागी. कडेपासून आत शिरलेले, फांद्या फुटलेले बारीक धागे.

संशयित तीन: पृष्ठभागावर उरलेलं फंगस, त्याच्या आम्लाने खाल्लेलं कोटिंग किंवा काच, नाहीतर दोन भिंगांच्या जोडातली वाढ. तिघांवर उपाय वेगवेगळे, त्यामुळे निदान आधी. पहिली चाचणी वाफेची. भिंगावर हलका श्वास सोडला. पृष्ठभागावर काही उरलं असतं तर वाफ त्या जागी वेगळी जमली असती. दोन्ही बाजूंना ती एकसारखी जमली आणि एकसारखी उडाली. दुसरी परावर्तनाची. दिव्याचं प्रतिबिंब पृष्ठभागावरून हळूहळू सरकवलं. कोटिंग खाल्लेलं असतं तर जांभळ्या रंगात फिकट नक्षी उमटली असती. रंग सलग होता. मग १० पटीचा लूप (मोठं करून दाखवणारं छोटं भिंग) घेतला. आधी वरच्या धुळीच्या कणावर फोकस केला, मग धाग्यांवर. त्यासाठी लूप भिंगाच्या आणखी जवळ न्यावा लागला. भिंग उलटं करूनही तेच. म्हणजे जाळी जोडाच्या आत आहे, तिथे कुठलाही टिश्यू पोचणार नाही.

जोडातलं बाल्सम (भिंगं चिकटवणारा जुना गोंद) सुटलं असेल अशीही शंका होती, पण त्यात बहुधा इंद्रधनुषी कडी किंवा बुडबुडे दिसतात. इथे स्पष्ट फांद्या आहेत.

जोड उकलायचा, साफ करायचा आणि यूव्ही गोंदाने परत चिकटवायचा असं ठरवत होते. पाण्यात ठेवून हळूहळू तापवण्याची पद्धत वाचूनही झाली. पण चिकटवताना दोन भिंगांचे अक्ष जुळले नाहीत तर चित्राची एक बाजू कायमची मऊ. घरच्या टेबलावर हे केंद्रीकरण तपासायचं साधन माझ्याकडे नाही. शिवाय डायफ्रामजवळचा दोष डागासारखा उमटत नाही, तो अख्ख्या चित्राचा कॉन्ट्रास्ट थोडा उतरवतो. तात्पुरती बसवून एफ/२ (पाती पूर्ण उघडी) आणि एफ/८ (बरीच मिटलेली) ला फोटो काढून पाहिले. सावलीत फरक शोधावा लागतो, उजेडासमोर धरली की पांढरट पडदा येतो. ४९ मिमीचा खोल हूड लावल्यावर बाजूच्या उजेडाचा त्रास बराच कमी झाला, पण सूर्य चौकटीत असला की हूडचा उपयोग नाही.

हे लिहिता लिहिताच सुचलं: जोड उकलण्यापेक्षा अख्खा मागचा गट (डायफ्रामच्या मागची सगळी भिंगं) बदलला तर? तो आपल्या घरट्यासकट सुटा येतो, त्यामुळे अक्षाचा प्रश्नच उरत नाही. ४४-२ एकाहून जास्त कारखान्यांत बनली आहे, म्हणून अंतरं तंतोतंत जुळायला त्याच कारखान्याची लेन्स बरी. तर उकलायचा बेत रद्द.

फंगस इतक्या आत शिरलं कसं, याचा माग काढताना लेन्स ठेवायच्या माझ्या डब्यातलं आर्द्रतामापक तपासलं. झाकणभर मीठ पाण्याने ओलसर करून (विरघळेपर्यंत नाही) मापकासोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवायचं. आतली आर्द्रता ७५% वर स्थिरावते. माझा मापक ६६ दाखवत होता! म्हणजे तो ५० म्हणतो तेव्हा आत ६० च्या आसपास असतं, फंगसला सोयीचं. कोकणातल्या पावसाळ्यात हा फरक जीवघेणा आहे. प्रत्येकाने आपापला मापक मिठाने तपासाच. सिलिका जेलही नारिंगी घ्या. निळ्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. आणि चामड्याचे जुने केस कितीही देखणे असले तरी लेन्सपासून दूर ठेवा, ते ओल धरतात आणि बुरशीला खाऊ घालतात. यूव्ही दिव्यांवर माझा भरवसा नाही: बुरशी मारणारा लघुलहरी किरण काच मुळात आत जाऊच देत नाही, डोळ्यांना मात्र इजा करतो.

कुणाकडे क्रास्नोगोर्स्क कारखान्याची (नावपट्टीवर किरण जाणारं प्रिझम असलेली) ४४-२ पाती अडकून किंवा हेलिकॉइड (फोकसचे आटे) जाम होऊन पडून असेल, आणि मागचा गट टॉर्चखाली स्वच्छ दिसत असेल, तर कळवा. पाठवण्याआधी जोडभिंगाची लूपने तपासणी तेवढी करा, वर सांगितलीय तशी दोन्ही बाजूंनी.