एक इंच खाली, एक सूत मागे

"जुन्या फोर्ड मस्टँगचं पुढचं सस्पेंशन स्वस्तात सुधारायचंय, कुठलं किट घेऊ?" वर्षातून पाच-सहा वेळा तरी मला कुणी ना कुणी हे विचारतं. गणपतीची आरती संपून प्रसादाचे द्रोण हातात पडले की विचारतात. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलो की विचारतात. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या धंद्यात नोकरी करणारे मराठी लोक रग्गड आणि पन्नाशीकडे झुकलं की त्यातल्या काहींना जुनी अमेरिकन गाडी घ्यायची हुक्की येते. मलाही आली. माझी 1966 ची कूपे आहे, 289 घनइंची व्ही-8 वाली. (मस्टँग ही मसल कार नव्हेच, पोनी कार, असं सांगणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. वळणावर दोन्ही सारखाच घाम फोडतात.)

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: किट घेऊ नका. निदान आधी नको.

कॉइलओव्हरची (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेली) चकचकीत किटं दोन-तीन हजार डॉलरच्या पुढे जातात. मस्टँग टू (सत्तरच्या दशकातली मस्टँग) पद्धतीचं पुढचं धूड बसवायचं तर बहुतेक वेळा शॉक टॉवर, म्हणजे स्प्रिंगवरचे पत्र्याचे खांब, कापून काढावे लागतात, म्हणजे परतीची वाट बंद. आणि एवढा खर्च करणाऱ्यांतल्या निम्म्यांनी आपल्या गाडीचे जुने बुश (सांध्यांतली रबरं) कधी डोळ्यांनी बघितलेलेही नसतात.

या गाडीचा सांगाडा मुळात फाल्कन नावाच्या साध्यासुध्या घरगुती फोर्डचा. चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन दांडे म्हणजे आर्म; पुढची स्प्रिंग खालच्या आर्मवर नाही, वरच्या आर्मच्या डोक्यावर बसते आणि तिच्यावर पत्र्याचा टॉवर. स्प्रिंगखाली एक पर्च, म्हणजे बैठक, असतो, त्यात रबराचा बुश. साठ वर्षांत ते रबर दगड होतं. मग गाडी खड्ड्यात उतरली की वंगण न घातलेल्या बैलगाडीसारखी कुरकुरते. माझी इतकी कुरकुरायची की मी घरी पोचल्याचं बायकोला गल्लीच्या तोंडापासून कळायचं.

म्हणून पहिला पैसा रबरावर. वरचे-खालचे आर्म नवे, पर्च नवे, स्ट्रट रॉडचे (खालच्या आर्मला पुढून धरणाऱ्या सळईचे) बुश नवे, शॉकअप बरे. त्याआधी टॉवर घासूनपुसून बघा. मिशिगनच्या मिठाने पत्रा खाल्लेला असेल किंवा आर्मच्या बोल्टाजवळ तडा असेल, तर आधी वेल्डिंग.

स्प्रिंग काढताना मात्र घाई नको. शॉकअप काढून त्या भोकातून कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबायचं हत्यार) आत सोडायचा, आकडे वेटोळ्यांत नीट अडकवायचे आणि पान्याने सावकाश आवळायचं. दाबलेली स्प्रिंग म्हणजे बांधून ठेवलेला रेडा. माझा एक आकडा अर्ध्या वेटोळ्याने घसरला. नुसता "टण्ण" आवाज झाला, बाकी काही नाही. मी पाना खाली ठेवला, आत जाऊन चहा केला आणि त्या दिवशी परत गॅरेजमध्ये गेलो नाही.

आता खरी गोष्ट. आर्म बाहेर आहेतच, तर वरच्या आर्मच्या बोल्टांची टॉवरमधली भोकं एक इंच खाली पाडा. फोर्डचे सस्पेंशन इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांची ही युक्ती. 1965 च्या शेल्बी जीटी 350 मध्ये, म्हणजे मस्टँगच्या शर्यतीच्या धाटणीच्या आवृत्तीत, ती होती, 1966 मध्ये खर्च वाचवायला सोडून दिली. मूळच्या मापात गाडी वळणावर झुकली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं आणि टायर कडेवर चालतो. आर्मचं आतलं टोक खाली आणलं की चाक वर चढताना त्याचा माथा आत ओढला जातो आणि टायर रस्त्यावर पुरा टेकतो. गाडीचं नाकही जेमतेम पाच सूत उतरतं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, नव्या पोरांना सांगावं लागतं. माझे वडील पिंपरीत फिटर होते, घरात इंच आणि सूत हीच मापं. त्यामुळे भोकांच्या जागा दाखवणारं टेम्प्लेट हातात आलं तेव्हा मी ते लगेच ओळखलं: एक इंच खाली, एक सूत मागे. जुन्या भोकांत ते टेम्प्लेट बोल्टाने कसायचं, पंच मारायचा, आधी बारीक बिट, मग वाढवत न्यायचं. एका टॉवरला दोन, एकूण चार भोकं. पत्रा पार होताना बिट अडकतं आणि ड्रिल मनगट पिळतं, तेव्हा दोन्ही हातांनी धरा. इंचापेक्षा जास्त उतरवायचा मोह धरू नका. मग आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा) अडकतो, त्याला वेगळी पाचर लावावी लागते.

यानंतर मी माती खाल्ली. अलाइनमेंट करणाऱ्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवणाऱ्या, पोराने कॉम्प्युटरवर 1966 चे आकडे काढले, त्याबरहुकूम सगळं हिरवं करून दिलं आणि गाडी हायवेवर दारुड्यासारखी झुलायला लागली. ते आकडे त्या काळच्या जुन्या बांधणीच्या बायस-प्लाय टायरांचे. आजच्या रेडियल टायरला कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) अधिक लागतो, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंचित उणा, म्हणजे माथा आत. दुसऱ्यांदा कागदावर लिहूनच नेलं: कॅस्टर अधिक दोन ते अडीच अंश, कॅम्बर उणे अर्धा, टो-इन (चाकांची पुढची तोंडं आत) एक सूत. या गाडीत कॅस्टर आणि कॅम्बर आर्म आणि टॉवर यांच्यातल्या शिमांनी (पातळ पत्र्यांनी) जुळतात, म्हणून शिमा बघितलेला जुना माणूस शोधा. पॉवर स्टिअरिंग नसेल तर पार्किंग करताना हात भरून येतील, तेवढं सोसा.

पैसे उरले तर पुढचा स्वे बार (गाडीचं झुकणं रोखणारी आडवी सळई) एक इंची घाला. मूळचा पाऊण इंचाच्याही आतला. पिळाचा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे दिसायला चार आण्यांचा फरक, पण गाडीला चौपटीने जाणवतो. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका, बस्स.

मला हे सगळं हजार डॉलरच्या आत पडलं, अंगमेहनत धरली नाही तर.

आणि विचारताना गाडीचं साल आधी सांगत जा. 1967 पासून फोर्डने पुढची रचना बदलली, तिथे कॅम्बर खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेल्या) बोल्टाने जुळतो, हे टेम्प्लेट चालत नाही. 65-66 असेल तर माझं घेऊन जा. फक्त बिट स्वतःचं आणा, माझं गेल्या उन्हाळ्यातच बोथट झालंय.