आमची वाटचाल : पिकअपला दुसरं इंजिन बसवलं तेव्हा

१९९९ मध्ये वडिलांनी लातूर जिल्ह्यातल्या औशात पत्र्याच्या शेडमध्ये मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचं काम, सुरू केलं. तेव्हा काम बहुतेक विहिरीवरच्या मोटारींचं. जळाली की शेतकरी स्वतः घेऊन यायचा, नवी तार भरेपर्यंत शेडमध्येच बसून राहायचा. बोअर वाढले आणि काम बदललं. चारशे-पाचशे फूट खाली सोडलेली मोटार एकट्यादुकट्याला निघत नाही. घोडा (बोअरवर उभी करायची लोखंडी तिवई), वजन उचलायचा चेनब्लॉक, पाइप धरायचे क्लॅम्प आणि तीन माणसं शेतावर न्यावी लागतात. म्हणून २०१२ मध्ये आम्ही तीन वर्षं वापरलेलं बोलेरो पिकअप घेतलं, २५२३ सीसीच्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिनाचं. धंदा खरा उभा राहिला तो तेव्हापासून. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात हे पिकअप एक दिवस उभं राहिलं नाही.

२०१९ च्या मे महिन्यात निलंग्याकडे जाताना रेडिएटरचा होज फुटला. टेम्परेचरचा काटा बंद आहे हे मला महिन्याभरापासून ठाऊक होतं, आणि सीझन संपला की बघू म्हणून मी ते ढकललं होतं. चूक सगळी माझी. इंजिन चढावर जाम झालं तेव्हाच कळलं. ज्यांच्याकडे निघालो होतो त्यांचा फोन सारखा येत होता, "कधी यायलाव? जनावरांना पाणी नाही." शेवटी त्यांना दुसरा माणूस मीच बघून दिला.

मिस्त्रींनी हेड काढलं. हेड वाकलेलं होतं, तेवढ्यानं भागलं असतं. पण तिसऱ्या सिलिंडरपाशी ब्लॉकच तडकला होता. सिलिंडर आतून घासून मोठे करून, नवे लायनर-पिस्टन घालून उपयोग नव्हता. दुसरं इंजिन बघणं आलं.

मग जो तो सल्ला देऊ लागला. एक म्हणाला, टाटा ४०७ ट्रकचं इंजिन टाका, २९५६ सीसी आहे, लोड काही वाटणार नाही. खरं आहे, पण त्याला माउंटिंग वेगळं, इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं बेल हाउसिंग वेगळं, गिअरबॉक्सचा प्रश्न, पुढच्या ॲक्सलवर वजन जास्त. शिवाय आरटीओत ते मंजूर करून घेणं हे वेगळंच काम. आमची गाडी आठ वर्षांपुढची, दरवर्षी पासिंग. आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, हे मला चालणारच नव्हतं.

दुसरा सल्ला कॉमन रेल इंजिनाचा, म्हणजे डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमानं सोडणाऱ्या नव्या पद्धतीच्या इंजिनाचा. ॲव्हरेज चांगलं, ताकद चांगली, धूर कमी. माझं मन तिकडे बरंच गेलं होतं. पण त्यासोबत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, सगळं वायरिंग आणि डिझेलची लाइनही बदलावी लागते. त्याच्या इंजेक्टरला पाण्याचा अंश असलेलं डिझेल सोसत नाही, आणि आम्ही कित्येकदा शेतावरच्या कॅनमधलं डिझेल ओततो. बिघडलं तर स्कॅनर लागतो. आमच्या वाटेवरच्या गॅरेजांत पाने भरपूर, स्कॅनर एखाद्याकडेच. मोटार काढून अर्ध्यावर लटकवलेली आणि गाडी बंद, हा प्रसंग शेतकऱ्यावर माझ्यामुळे येऊ नये, एवढाच विचार मी धरून बसलो. मेकॅनिकल पंपाचं तेच डीआय इंजिन घ्यायचं ठरलं.

नवं हाफ इंजिन (हेड आणि बाहेरचे भाग सोडून खालचं इंजिन) परवडत नव्हतं. जुन्या मालाच्या बाजारात दोन दिवस घालवले. पहिलं इंजिन फार स्वच्छ होतं, पण नंबरवर घासल्याच्या खुणा होत्या. किंमत कितीही कमी असो, असं इंजिन हातातही घेऊ नये. दुसरं आम्ही जाण्याआधीच गरम करून ठेवलेलं. आम्ही थांबलो, पूर्ण थंड झाल्यावर सुरू करायला लावलं. निळा धूर निघाला, म्हणजे ऑइल जळतंय. तिसऱ्याचं ऑइलचं झाकण काढलं तर आत दुधाळ काही नव्हतं, म्हणजे ऑइलमध्ये पाणी उतरलेलं नव्हतं; ब्रीदरच्या नळीतून फुंकर हलकी, म्हणजे रिंगा फार झिजलेल्या नव्हत्या; चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं. मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि पक्की पावती मिळाली. तरीही मिस्त्रींनी खालचं ऑइल चेंबर उघडून बेअरिंग बघितले आणि रिंगा, गॅस्केट, वॉटर पंप नवे घातले. पुन्हा पुन्हा इंजिन उतरवण्यापेक्षा हा खर्च तेव्हाच केलेला बरा.

इंजिन गाडीत बसवलं आमच्याच घोड्यानं आणि चेनब्लॉकनं. वडील खुर्ची टाकून बघत होते. बोअरमधून मोटार वर घेताना जसं सांगतात तसंच, "सावकाश, सावकाश" म्हणत होते. नंतर आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घेतला, विमा कंपनीला कळवलं.

त्या बारा दिवसांत सहा कामं हातातून गेली. टेम्परेचरचा काटा नवा आहे, आणि रेडिएटरचं पाणी बघितल्याशिवाय आमची पोरं किल्ली फिरवत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात निलंग्याच्या त्याच शेतकऱ्यानं फोन केला. पहाटे पाचला निघालो, एकवीस पाइप वर काढले, मोटार भरून संध्याकाळी परत सोडली.