फॉर्मॅट मारण्याआधी डिस्क बघा

कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतो म्हटलं की आमच्या इंदुरात पहिला सल्ला ठरलेला: "फॉर्मॅट मरवा लो." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून घ्या. रामबागेतल्या माझ्या काकांनाही दुकानात हेच सांगितलं गेलं. मला हा सल्ला मुळातच पटत नाही, आणि काकांच्या बाबतीत तो फार महागात पडला असता. त्यांच्या मशीनमध्ये आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, सगळ्या शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. हा युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीच्या, आधीचा फॉन्ट. फॉर्मॅट करताना फाइल वाचवली तरी फॉन्ट जातो, आणि ओवीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उरतात.

"अगं, बटण दाबून अंघोळीला जातो, आलो तरी ते चक्र फिरतंच आहे," काका म्हणाले. त्यांचा संशय व्हायरसवर होता.

वेळ नेमका कुठे जातोय हे विंडोजच सांगतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या स्टार्टअपच्या पानावर कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' लिहिलेला असतो, म्हणजे विंडोजच्या हाती सूत्रं येण्याआधी गेलेला वेळ. काकांच्याकडे तो मोजके सेकंद होता. घोळ पुढे होता. त्याच पानावर प्रिंटरचा मदतनीस, व्हिडिओ कॉलची ॲप्स, असं बरंच काही आपोआप सुरू होत होतं. अँटिव्हायरस सोडून बाकीचं डिसेबल केलं. डिसेबल केल्याने प्रोग्राम उडत नाही, हवा तेव्हा उघडता येतो. थोडा फरक पडला, पण थोडाच.

मग परफॉर्मन्सचं पान उघडलं. डिस्क 100 टक्के, आणि वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम 1 एमबी. हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की फिरत्या हार्ड डिस्ककडे बोट जातं. 7,200 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या डिस्कची तबकडी एक फेरा 8.3 मिलिसेकंदांत घेते. सुरू होताना विंडोजला शेकडो ठिकाणी विखुरलेल्या छोट्या छोट्या फाइली लागतात, आणि दर वेळी डिस्कचं डोकं नव्या जागी नेऊन तबकडीचा हवा तो भाग त्याच्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं. अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभरेकच होतात. डिस्क राबत असते, हाती काही येत नसतं.

त्यापुढे डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टल डिस्क इन्फो चालवलं आणि काळजीच वाटली. पिवळी खूण, 'कॉशन'. पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्य नव्हता. म्हणजे डिस्कचे काही भाग नीट वाचताच येत नव्हते. दुकानदाराचं ऐकलं असतं तर याच आजारी डिस्कवर नवं विंडोज बसलं असतं! डिस्क तपासल्याशिवाय फॉर्मॅट सुचवणं मला अतिशय चुकीचं वाटतं.

सगळ्यात आधी ओव्या पेन ड्राइव्हवर घेतल्या, आणि विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून शिवाजीची फाइलसुद्धा. हे कोणी विसरू नका. मग जेल रोडवरून साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, आणून जुनी डिस्क तिच्यावर क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली. क्लोन करण्याआधी शिफ्ट दाबून शट डाउन करावं लागतं. एरवी 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं. काका रोज रात्री मशीन बंद करायचे, तरी टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' कित्येक दिवसांचा दिसत होता तो यामुळेच. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

फरक मोजायचा तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीमध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स'च्या नोंदींत 100 क्रमांकाचा इव्हेंट बघा. त्यात बूटचा वेळ मिलिसेकंदांत असतो. काकांच्याकडे आधी 2,14,000 च्या आसपास होता, आता 30,000 च्या आत आहे. रॅम अजून 4 जीबीच आहे, त्यामुळे ब्राउझरमध्ये बरेच टॅब उघडले की मशीन अडखळतं. तो खर्च पुढे करू.

आता ओव्या युनिकोडमध्ये आणायला घेतल्या आहेत. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात गडबड करतो, म्हणून काका एकेक ओवी मोठ्याने वाचून दुरुस्त करताहेत.