राखणदाराची राखण

नारायणगावच्या बाजारपेठेपासून बरेच आत, उसाच्या दोन फडांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटी आम्ही घर बांधले आणि वास्तुशांतीच्या पंगतीतच पहिला प्रश्न आला, "कुत्रं कधी आणताय?" कुंपण झाले होते, फाटकाला कुलूप होते, व्हरांड्यात रात्रभर जळणारा दिवाही होता, तरीही कुत्र्यावाचून हे घर अपुरे आहे, अशी पंगतीतल्या प्रत्येकाची खात्री दिसली. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर तीस वर्षे काढलेल्या आम्हांला राखण म्हणजे सोसायटीच्या दाराशी खुर्चीत डुलक्या घेणारा वॉचमन, एवढीच कल्पना होती. त्यामुळे कुत्रे निवडण्याचे काम आम्ही एखादे यंत्र विकत घ्यावे तशा थाटात सुरू केले.

घरातल्या चौघांच्या चार अटी होत्या. मुलगा फक्त शनिवार-रविवारी येणार, पण कुत्र्याचा दरारा फाटकापासूनच वाटला पाहिजे, हा आग्रह त्याचाच. सूनबाईंना चार वर्षांच्या नातवाची काळजी. त्याने कान ओढला, शेपटीवर पाय दिला, तरी कुत्र्याने दात दाखवता कामा नये. पत्नीला केस गळणारे जनावर नको होते. आईचे वय ब्याऐंशी, आणि तिचा मुद्दा सर्वांत स्पष्ट होता: कुत्रे उंबरठ्याच्या आत येणार नाही. चोराला फाडून काढणारे, पोराला ओरखडाही न काढणारे, झडत नसलेले आणि बाहेरच राहणारे असे स्थळ पाहायचे, म्हणजे पत्रिका जुळण्याची आशा कमीच होती.

माझ्या मनात सुरुवातीपासून अल्सेशियन होता, कारण लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी एका अधिकाऱ्याच्या बंगल्यात तो असे आणि त्या बंगल्यासमोरून जाताना आम्ही मुले रस्त्याची पलीकडची बाजू धरत असू. हे मूळचे जर्मनीतले मेंढ्या राखणारे कुत्रे. माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९ मध्ये त्याची जात नोंदवून वाढवली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन हा शब्दच नकोसा झाला, म्हणून त्यांनी त्याला अल्सेशियन म्हटले, आणि इंग्रज गेले तरी आपण ते नाव सोडलेले नाही. कुत्रे हुशार आणि शिकवू तसे शिकणारे, यात वाद नाही. परंतु अंगावर केसांचा दुहेरी थर, त्यामुळे आमच्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याची धाप पाहवत नाही, आणि या जातीत खुब्याचे सांधे कच्चे निघण्याचे प्रमाण मोठे. पत्नीने केसांचा मुद्दा काढला आणि तो विषय तिथेच मिटला.

डॉबरमनची शिफारस भाच्याने केली. ही जात जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या कार्ल डॉबरमन या कर वसूल करणाऱ्या माणसाने स्वतःच्या संरक्षणासाठी तयार केली, हे कळल्यावर मला ती आपल्याला लागू नाही असे वाटू लागले. आमच्याकडे वसुलीला जाणारे कोणी नाही, झाला तर वसुलीला येणाऱ्यांचाच त्रास. रॉटवायलर तर मी ऐकूनच सोडला. घाबरवणारे कुत्रे आणणे सोपे असते, पण दूधवाला, वायरमन, मीटर पाहायला येणारा, पाण्याची पाळी विचारायला येणारा शेजारी, असे दिवसाला दहा निरपराध लोक आमच्या फाटकातून येतात, आणि चोर आला तर वर्षाकाठी एखादाच येणार. आपल्या जनावराच्या बाबतीत हयगय करून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली शिक्षा होऊ शकते. पण त्याआधी वायरमनच्या पोटरीकडे पाहण्याची हिंमत आपल्याला झाली पाहिजे.

लॅब्रॅडॉरविषयी मी काही बोलू नये, कारण पुण्यातल्या आमच्या शेजाऱ्यांचा लॅब्रॅडॉर हा माझा मित्र होता. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांना जाळी ओढून देणाऱ्या कुत्र्यांचे हे वंशज, त्यामुळे कोणाचेही सामान वाहून नेण्याची हौस त्यांच्या रक्तातच असावी. गॅसचे सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाची पिशवी तोंडात धरून तो त्याला थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवीत असे.

मग आपल्या मातीतल्या जातींकडे वळलो, आणि तेथे मन थोडे रेंगाळले. टपाल खात्याने २००५ साली भारतीय श्वानांची चार तिकिटे काढली, त्यांत हिमालयातला मेंढपाळी कुत्रा, रामपूर हाउंड, राजापालयम आणि मुधोळ हाउंड होते. यातला मुधोळ म्हणजेच आपल्या सोलापूर-लातूरकडे ज्याला कारवान म्हणतात तो, आणि ज्याच्या कानांवर-शेपटीवर लांब रेशमी केस असतात तो पश्मी. कारवान धावताना पाहिलेला माणूस तो विसरत नाही. लांब पाय, आत ओढलेले पोट, आणि ससा दिसला की एकदम ताणलेले धनुष्य. पण तो वासापेक्षा डोळ्यांनी शिकार करणारा, त्याला मोकळे माळरान पाहिजे. आमच्याकडे जिकडे पाहावे तिकडे ऊस आणि द्राक्षाचे मांडव; तिथे त्याला दिसणार काय आणि तो धावणार कुठे? शिवाय त्याला अनोळखी माणसाचा हात अंगावर आवडत नाही, आणि आमचा नातू तर जनावर दिसले की मिठीच मारतो.

एवढ्यात ज्या गोष्टीचा आम्ही कोणीच विचार केला नव्हता, ती पशुवैद्य डॉक्टरांनी सांगितली. नव्या घरमालकांना ते हा प्रश्न पहिला विचारतात म्हणे: "रात्री बांधणार कुठे?" व्हरांड्याच्या खांबाला, असे मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. जुन्नर तालुक्यातला ऊस हे बिबट्याचे घर झालेले आहे. मादी उसात वितेदेखील, आणि तोडणीच्या वेळी सापडलेल्या बछड्यांच्या बातम्या दर हंगामात येतात. डोंगरापलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. म्हणजे चोरासाठी आणलेला राखणदार आम्ही बिबट्याच्या पुढ्यात ताट वाढल्यासारखा ठेवणार होतो. हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या गळाच धरतो. पण त्यांची कुत्री मेंढ्यांएवढी असतात आणि दोन-तीन मिळून राहतात. डॉक्टरांचा सल्ला साधा होता. दिवस मावळला की कुत्रे घरात घ्यायचे, दार लावायचे, आणि त्याच्या जेवणाची थाळी रात्री बाहेर ठेवायची नाही.

येथे आमच्या सगळ्या अटी कोलमडल्या. कुत्रे रात्री घरात असेल, तर मग त्याचा जबडा केवढा आहे, याला अर्थ उरला नाही. त्याने बाहेरची चाहूल ओळखावी आणि आम्हांला उठवावे, एवढेच आता हवे होते. तसे पाहिले तर या भागात चोरी होते ती विहिरीवरच्या मोटारीच्या केबलची, आणि विहीर घरापासून इतकी लांब की तिची राखण अल्सेशियनच्या अख्ख्या पलटणीलाही जमली नसती. आम्हांला दातांपेक्षा कान जास्त गरजेचे आहेत, हे समजायला तीन महिने आणि भाच्याच्या मोबाइलवरचे शंभर फोटो खर्ची पडले. आता एकच अडचण उरली होती, आणि ती उंबरठ्यावर बसली होती.

चंपाषष्ठीच्या दिवशी घरात वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे झाले होते, खंडोबाची तळी भरून झाली होती आणि कुत्र्याचा नैवेद्य घेऊन आई फाटकाशी उभी होती. आमच्याकडे कुत्रेच नव्हते. ऊसतोडीची टोळी तेव्हा शेजारच्या रानात उतरली होती. त्यांच्या कोप्यांजवळ एक बदामी कुत्री चार पिल्लांना घेऊन असे. आईने मला नैवेद्य घेऊन तिकडे पाठवले. मी डॉक्टरांनी शिकवलेली युक्ती करून पाहिली. पिल्लांच्या मागे, थोड्या अंतरावर, किल्ल्यांचा जुडगा टाकला. दोन पिल्ले कोपीत पळाली, एकाने तिकडे पाहिलेही नाही. चौथे दचकून मागे सरले, तिथेच थांबले, आणि मग पोट जमिनीला घासत परत येऊन त्याने किल्ल्यांचा वास घेतला. घाबरावे, पण घाबरून गेल्यावर पुन्हा पाहायला यावे, हाच तो गुण, असे डॉक्टर म्हणाले होते. पिल्लू मादी होते, म्हणून ते कोणी नेणार नव्हते. बाप कारवानाचा असावा, असे मुकादम सांगत होता, पण आपल्या पिल्लाच्या बापाविषयी असे प्रत्येक मुकादम सांगत असावा. पिल्लू दोन महिन्यांचे झाले होते, म्हणजे आईपासून काढायला योग्य. मी ते टॉवेलात गुंडाळून आणले आणि खंडोबाच्या दिवशी दारात आलेल्या कुत्रीला कोण परत पाठवणार, म्हणून आईने काही न बोलता तिला ओसरीवर जागा दिली. नाव चंपा.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस झाली, पुढे नसबंदीचे ऑपरेशनही झाले. गावठी कुत्रे हलक्या अंगाचे, आखूड केसांचे आणि फारसे आजारी न पडणारे असते हे खरे; पण ते ऐकते तेव्हाच, जेव्हा त्याला पटते, हेही कोणी आधी सांगायला हवे होते. बसायला सांगितले की ती आधी विचार करते. पहिले सहा महिने ती कोणावरच भुंकली नाही आणि मुलाने माझ्याकडे अर्थपूर्ण पाहणे सुरू केले. मग एका दुपारी फाटकापाशी अचानक मोठा, भरदार आवाज आला, इतका अनोळखी की मी बाहेर येऊन दुसरे कुत्रे शोधू लागलो. चंपा चारही पाय रोवून उभी होती, आणि फाटकाबाहेर डॉबरमनची शिफारस करणारा भाचा मोटारसायकल बंद न करताच थांबला होता.

रात्री ती स्वयंपाकघराच्या दाराशी निजते. मध्यरात्री कधीतरी तिचा एक कान उभा राहतो, घशातून बारीक गुरगुर निघते, मोठ्याने भुंकणे नाही. मी बॅटरी घेऊन खिडकीपर्यंत जातो आणि उसात काही हलते का ते पाहतो, बहुतेक वेळा काहीच हलत नाही. आई आपल्या खोलीतून पूर्वी दोन प्रश्न विचारीत असे, दूध विरजले का आणि गॅस बंद केला का. हल्ली दिवे लागणीलाच तिसरा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय ती जपाला बसत नाही: "चंपी आत आली का?"